आसेगावात टॉवर स्पीकर केवढ्याला पडतात

टॉवर स्पीकरच्या खोक्यावर एक किंमत छापलेली असते, मोबाइलवर दुसरी दिसते आणि अकोल्याचा दुकानदार तिसरी सांगतो. वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या माणसाला मात्र चौथीच मोजावी लागते. जोडी घरी येऊन, असलेल्या ॲम्प्लिफायरला लागून, बैठकीच्या खोलीत नीट वाजेपर्यंत आणि पुढे बिघडलीच तर दुरुस्त होईपर्यंत खिशातून जे जातं, ती ही चौथी किंमत. या हिशोबाने चाळीस हजारांची जोडी पन्नास हजारांच्या घरात जाते. उलट कधी कधी दोन-तीन हजारांत जुनीच जोडी वाजती होते, आणि नवी घेण्याची गरजच उरत नाही.

खालचे भाव जोडीचे आहेत, १८ टक्के जीएसटी धरून आणि गोल आकड्यांत. डॉलर चढला की ते वर जातात आणि सेल लागला की खाली येतात. त्यामुळे घेण्याच्या आठवड्यात एकदा पुन्हा विचारून घ्यावं.

जुने खरंच गेलेत का

‘आवाज फाटतो’ म्हणून लोक नवे टॉवर घ्यायला निघतात. आवाज ॲम्प्लिफायरमुळे फाटतो, सैल वायरीमुळे फाटतो आणि स्पीकरमुळेही फाटतो. यातलं कोण दोषी, ते कळायला एक पैसाही लागत नाही. ॲम्प बंद करा. डाव्या टॉवरच्या वायरी काढून उजव्याला लावा आणि उजव्याच्या डाव्याला. मग तेच गाणं लावा. खरखर दुसऱ्या खोक्यात गेली, तर दोष ॲम्पमध्ये किंवा वायरीत आहे आणि नव्या टॉवरवर घातलेला पैसा वाया जाणार. खरखर त्याच खोक्यात राहिली, तर दोष स्पीकरचा.

दोष स्पीकरचा निघाला, तरी लगेच खचून जायचं कारण नाही. पुढची जाळी काढून वूफरच्या कोनची कड बघा. नव्वदीच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्याही बऱ्याच स्पीकरांना फोमची कड असते. दहा ते वीस वर्षांत उष्णतेने आणि दमटपणाने तिचा भुगा होतो, बोट लावलं की काळं पीठ हाताला लागतं. कोन, मॅग्नेट, कॉइल सगळं शाबूत असतं, फक्त कड गेलेली असते. नवी फोमची कड बसवायला वूफरमागे साधारण तीनशे ते आठशे रुपये लागतात. रबरी कड पुष्कळ टिकते, म्हणून नवे घेतानाही रबराचीच कड बघून घ्यावी.

पुढची तपासणी बोटांनी करायची. ॲम्प बंद असताना वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी मध्याभोवती सारखा दाबून आत ढकला. आत घासल्यासारखं लागलं, तर व्हॉइस कॉइल जळून फुगली आहे असं समजा. कॉइलसकट नवा कोन बसवायचा खर्च आकाराप्रमाणे सहाशे ते दीड हजार. स्पीकर मुकाच असेल, तर पेन्सिल सेल त्याच्या दोन टोकांना क्षणभर लावा. कोन टक् करून हलला तर वूफर जिवंत आहे. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरी असेल तर आणखी सोपं. आठ ओहमच्या वूफरला तो सहा-सात दाखवतो, चार ओहमच्याला तीन-साडेतीन. मात्र खोक्यामागच्या टर्मिनलवर मोजलेला आकडा बहुधा फक्त वूफरचा असतो. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर बसलेला असल्याने मीटरला तो दिसतच नाही, म्हणून ट्वीटर बाहेर काढून वेगळा तपासावा लागतो.

ट्वीटर चांगला असूनही आवाज दबका येत असेल, तर क्रॉसओव्हरच्या, म्हणजे आवाज वूफर-ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या, पट्टीवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असू शकतात. ते थोड्याच रुपयांत मिळतात. ‘नॉन-पोलर’च मागायचे, साधे चालत नाहीत.

ही कामं कोण करतं? आपल्या भागात बिछायत केंद्रवाले आणि डीजेवाले ज्यांच्याकडे जळालेले स्पीकर घेऊन जातात, तोच मेकॅनिक. मंगरुळपीर, कारंजा, वाशीम इथे असा माणूस विचारपूस केली की सापडतो. त्याचा हात पंधरा इंची स्पीकरवर बसलेला असतो, म्हणून दोन गोष्टी बजावून सांगायच्या: कॉइल त्याच ओहमची आणि त्याच व्यासाची पाहिजे, आणि एका बाजूचं काम केलं तर दुसऱ्याही बाजूचं करायचं. एक कोन नवा आणि एक वीस वर्षं जुना असला, की गाणं एका अंगाला कलतं.

सगळं मिळून, येण्याजाण्यासकट, दोन ते चार हजार. माझं मत असं, की खोका फुगलेला नसेल आणि वाळवी लागलेली नसेल, तर नव्याच्या आधी हा खर्च करून बघावाच. ट्वीटर मेलेला असेल आणि त्या जोडीचा ट्वीटर बाजारात मिळत नसेल, तर गोष्ट वेगळी. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा समूह २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. फिलिप्सच्या नावाने आज विकला जाणारा ऑडिओ फिलिप्स स्वतः बनवत नाही. त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या सिस्टीमचा अस्सल ट्वीटर कंपनीकडून मिळेल, ही आशा सोडून द्यावी.

तुमच्याकडे आहे तो टॉवर आहे का

हा प्रश्न खोडसाळ वाटेल, पण पैसे इथेच बुडतात. पाच-सहा स्पीकर, एक सबवूफर आणि मध्ये डीव्हीडीचा डबा असा ‘होम थिएटर’ संच अनेक घरांत आहे. त्यातले समोरचे उंच, बारीक, प्लास्टिकचे खांब टॉवर म्हणून ओळखले जातात, पण आत हाताच्या पंजाएवढे एक-दोन छोटे स्पीकरच असतात. त्या संचातला ॲम्प खालचा आवाज आधीच सबवूफरकडे वळवतो आणि खांबांना फक्त वरचा देतो. शिवाय हे खांब बहुधा तीन-चार ओहमचे असतात. त्यांच्या जागी चाळीस हजारांचे टॉवर लावले, तर त्या टॉवरांना खालचा आवाज मिळतच नाही आणि घरातले म्हणतात, ‘एवढे पैसे घालून फरक काय पडला?’ असा संच असेल तर ॲम्पही बदलावा लागेल, आणि तो खर्च आधीच धरावा.

ॲम्पचे भाव असे: छोटे क्लास-डी डबे दहा हजारांच्या आत मिळतात आणि मध्यम खोलीला ते पुरतात. यामाहा, डेनॉन यांचे साधे स्टीरिओ ॲम्प वीस ते पन्नास हजारांत येतात. जुना, वजनदार, पाठीमागे नीट टर्मिनल असलेला स्टीरिओ ॲम्प चालू स्थितीत असेल, तर तो अजिबात बदलू नका.

भावाच्या पायऱ्या

आठ ते वीस हजारांत दोन प्रकार मिळतात. पहिला एफ अँड डी, झेब्रॉनिक्स अशांचे ब्लूटूथ टॉवर. ॲम्प आतच, रिमोट, कधी माइकसुद्धा. यांना तुमचा जुना ॲम्प लागत नाही. वाढदिवसाला आणि हळदीला ते धमाल वाजतात. पण आतला बोर्ड गेला की अख्खा टॉवर अडून बसतो, आणि तो बोर्ड वाशीमला मिळेलच असं नाही. दुसरा प्रकार सुताराकडून करून घेतलेल्या खोक्यांचा. प्लायवूड जाड, स्पीकर सुटे आणलेले, दिसायला भक्कम. इथे एकच प्रश्न विचारायचा: आत क्रॉसओव्हर काय आहे? ट्वीटरला नुसता एक कपॅसिटर टोचलेला असेल, तर त्या खोक्याला तेवढीच किंमत द्यावी. गाणाऱ्याचा गळा वूफर आणि ट्वीटर दोघांत वाटला जातो. ती वाटणी नीट नसेल तर आवाज नळीतून आल्यासारखा येतो.

तीस ते पन्नास हजारांत पोल्क, जेबीएल, यामाहा, टागा यांचे सुरुवातीचे टॉवर येतात. पहिल्यांदाच गंभीरपणे ऐकणाऱ्यासाठी ही पायरी पुरेशी आहे, आणि आसेगावसारख्या ठिकाणी मी याच पायरीवर थांबायला सांगेन. एक गंमत मात्र लक्षात ठेवा: समोर दिसणारे सगळे कोन वाजत नसतात. पोल्कच्या टी-५० टॉवरवर ट्वीटरखाली तीन मोठे कोन दिसतात. त्यांतला एकच ॲम्पला जोडलेला आहे. उरलेले दोन आतल्या हवेच्या दाबाने डोलणारे ‘पॅसिव्ह रेडिएटर’ आहेत. ही फसवणूक नाही, खालचा आवाज वाढवायची ती मान्य पद्धत आहे. फक्त ‘तीन वूफर’ म्हणून कुणी विकत असेल, तर हसून पुढचा भाव विचारा.

साठ हजार ते सव्वा लाखात व्हार्फडेल डायमंड, क्यू अकॉस्टिक्स, एलॅक डेब्यू, क्लिप्श, दाली ओबेरॉन अशी नावं येतात. खोका जड आणि निमूट, आवाज जास्त उघडा. फरक ऐकू येतो, पण तो ऐकायला खोलीही तशी लागते. त्यापुढच्या दुनियेत शिरायचं नाही असं ठरवून टाका. आपल्याकडेही त्या दुनियेत काम करणारे झाले, पुण्याच्या केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले आणि कोच्चीची रेथ्म परदेशातही नावाजली गेली. पण ती हौस ट्रॅक्टरच्या हप्त्याशी स्पर्धा करणारी आहे.

कागदावरचे तीन आकडे

माहितीपत्रकात पंधरा आकडे असतात. त्यातले दोन बघायचे आणि तिसरा दुर्लक्षायचा.

पहिला सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. ८८ लिहिलं असेल, तर तीन मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत एका टॉवरचे साधारण ७८ पोचतात. दुसरा टॉवर आणि खोलीच्या भिंती धरल्या की ऐंशीच्या वर. घरात आपण निवांत ऐकतो ते सत्तर-पंच्याहत्तरला, म्हणजे बहुतेक वेळ तुमचा ॲम्प एक वॅटही देत नसतो. जास्तीचे वॅट लागतात ते ढोलाच्या एखाद्या थापेला. आता हिशोब बघा: सेन्सिटिव्हिटी तीन डेसिबलने कमी झाली की तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. जुना ॲम्प चाळीस-पन्नास वॅटचा असेल, तर ८८ किंवा त्याहून वरचाच टॉवर घ्या. ८५ चा घेतला तर तोच ॲम्प थकलेला वाटेल आणि तुम्ही त्याला दोष द्याल.

दुसरा आकडा ओहम. जुन्या ॲम्पच्या पाठीवर किती ओहमचे स्पीकर चालतात ते छापलेलं असतं. ‘६ ते १६’ असेल तर चार ओहमचा टॉवर लावू नका, ॲम्प तापतो. इथे एक बारीक खोचही आहे. बऱ्याच कंपन्या सेन्सिटिव्हिटी वॅटवर न मोजता २.८३ व्होल्टवर मोजतात. एवढ्या व्होल्टेजला आठ ओहमचा स्पीकर एक वॅट घेतो, चार ओहमचा दोन. म्हणून चार ओहमच्या टॉवरवर छापलेले ९० हे आठ ओहमच्या ८७ बरोबरचे धरावेत.

दुर्लक्षायचा आकडा म्हणजे ‘१५० वॅट’ किंवा जुन्या संचांवरचे हजारांतले पीएमपीओ. टॉवरवरचे वॅट म्हणजे तो किती सोसतो. तो किती चांगला वाजतो याच्याशी त्यांचा संबंध नाही. पीएमपीओला तर कुठलंच ठरलेलं माप नव्हतं. ज्याला जो आकडा आवडला तो त्याने छापला.

खोली

खरं तर हा भाग सगळ्यांत आधी यायला हवा होता. दहा बाय बाराची खोली, खाली टाइल्स किंवा शहाबादी फरशी, वर स्लॅब, भिंतींना ऑइलपेंट, सामान म्हणजे एक दिवाण आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. अशा खोलीत मध्यभागी उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागे झणझण उरली, तर कितीही महागडा टॉवर इथे कर्कश वाजणार. नवे घ्यायच्या आधी एक दिवस दोन गाद्या उभ्या करून समोरासमोरच्या भिंतींना टेकवा, खाली सतरंजी अंथरा आणि जुनेच टॉवर ऐका. अनेकांना जो ‘नवा आवाज’ विकत घ्यायचा असतो, तो तिथेच ऐकू येतो. मग गाद्यांच्या जागी जाड पडदे, पुस्तकांची किंवा कपड्यांची मांडणी आणि कायमची सतरंजी. खर्च हजार-दोन हजार.

दहा बाय बारात टॉवर हवेत का, हाही प्रश्न आहे. टॉवर खाली खोल जातो आणि छोट्या खोलीत तो खालचा आवाज कोपऱ्यात साचून घुमतो. अशा खोलीला छोटे, टेबलावर किंवा स्टँडवर ठेवायचे बुकशेल्फ स्पीकर बरे. तेच वूफर-ट्वीटर, छोटा खोका, पैसे निम्मे ते दोन-तृतीयांश. फक्त स्टँडचे दोन-चार हजार धरा, किंवा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. खोली बारा बाय सोळा किंवा मोठी असेल, बैठक आणि स्वयंपाकघर एकच असेल, तर टॉवर जरूर घ्या.

टॉवर भिंतीला चिकटवायचे नाहीत. हवेचं भोक मागच्या बाजूला असेल तर मागे दीड-दोन फूट मोकळे लागतात. एवढी जागा सोडायला घरचे तयार नसतील, तर पुढे भोक असलेला टॉवर निवडा. या एका गोष्टीवरून मॉडेल ठरवलं तरी चालेल.

आणि आपल्याकडच्या पाहुण्यांची सोय बघा. त्या भोकातून उंदीर आत जातो, कापूस काढतो, वायर कुरतडतो. महिनाभर वाजवायचं नसेल तर भोकात जुना पायमोजा कोंबा. टॉवरचा खोका बहुधा एमडीएफचा असतो आणि वाळवीला तो आवडतो. मातीच्या जमिनीवर सरळ ठेवू नका, खाली शहाबादीचा तुकडा आणि त्यावर रबराचे पाय. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात पारा बाहेर पंचेचाळीसला टेकलेला असताना आत काय होतं ते सांगायला नको. गोंद सुटतो, कड कडक होते. त्या खोलीत टॉवर ठेवायचेच असतील तर निदान दुपारच्या उन्हाच्या भिंतीपासून लांब.

कुठे ऐकायचे, काय ऐकायचे

अकोला-अमरावतीच्या मोठ्या दुकानांत टीव्ही आणि साउंडबारचीच गर्दी असते. जोडीने मांडलेले टॉवर ऐकवतात का, ते फोनवर आधी विचारून घ्या. नाही म्हणाले तर नागपूर. शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढलं की नागपूर एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. पेट्रोल-टोल मिळून चार-पाच हजार धरा. पुण्या-मुंबईला किंवा वाशीमहून पूर्णामार्गे हैदराबादला काही कामाने जाणं होणारच असेल, तर ऐकणं तेव्हाच उरकून घ्या. पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड सुट्या भागांना चांगले. शांत खोलीत टॉवर ऐकायला मात्र वेगळं दुकान गाठावं लागतं.

दुकानदार इंग्रजी गाणं लावतो, ज्यात सगळेच टॉवर छान वाजतात. आपली गाणी पेन ड्राइव्हवर न्या. माझी यादी अशी: भीमसेन जोशींचा एखादा अभंग, कारण त्यात भारदस्त गळा, पखवाज आणि टाळ एकदम असतात. टाळ कानाला टोचले की समजावं, घरच्या फरशीवर ते दुप्पट टोचतील. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरीचं भजन. खंजिरीची थाप आणि तिच्या चकत्यांची किणकिण वेगवेगळी ऐकू आली पाहिजे, दोन्ही मिळून नुसता खुळखुळाट होता कामा नये. ‘सैराट’मधलं एखादं व्हायोलिनांनी भरलेलं गाणं. तो वाद्यमेळ लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झालेला आहे आणि गर्दीतही वाद्यं वेगळी राहतात का ते त्यात कळतं. खालच्या आवाजासाठी पोहरादेवीकडचा नंगारा. तो छातीत जाणवावा, पण प्रत्येक ठोका सुटा हवा. आणि शेवटी १९५०-६० च्या दशकातलं लताबाईंचं कुठलंही मराठी गाणं. ते मोनो असतं, म्हणजे दोन्ही टॉवरमधून तोच आवाज येतो. बरोबर मध्ये बसल्यावर गळा दोघांच्या मधोमध, हवेत टांगल्यासारखा ऐकू आला पाहिजे. तो पसरट, कुठून येतोय ते न कळणारा वाटला तर एका टॉवरची लाल-काळी वायर उलटी लागलेली आहे. घरी जोडल्यावरही हीच तपासणी करा. उलट्या वायरीने खालचा आवाज गायब होतो आणि लोक टॉवर परत करायला निघतात.

तुलना करताना दोन्ही जोड्या सारख्याच मोठ्या आवाजात ऐका. जरा मोठा वाजणारा टॉवर नेहमीच चांगला वाटतो, आणि दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं.

घरी येईपर्यंत

एक टॉवर खोक्यासकट पंधरा-वीस किलो भरतो, उंची मीटरभर. दुचाकीचा विचारही नको, समृद्धीवर तर तिला प्रवेशच नाही. साध्या कारची मागची सीट पाडली की दोन्ही खोकी आडवी बसतात. ट्रान्सपोर्टने मागवलं तर हजार-दीड हजार. एसटीच्या टपावर पाठवू नका.

ऑनलाइन मागवताना पत्त्यात तालुका आणि पिनकोड ठळक लिहा. आपलं आसेगाव मंगरुळपीर तालुक्यातलं, पोलीस ठाण्याचं. रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे आणि अमरावती जिल्ह्यात आसेगाव पूर्णा. चाळीस किलोचं पार्सल चुकीच्या आसेगावला उतरलं, तर ते परत फिरेपर्यंत परतीची मुदत संपत आलेली असते. आपल्या पिनकोडवर मोठं सामान पोचवतात का आणि परत न्यायला येतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर दोन-तीन हजार जास्त देऊन दुकानातूनच घ्या. खोकं उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा, कोपरे आणि सीरियल नंबर दिसतील असं. थर्मोकोलसकट खोकी वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा. कोठीत जागा अडते, पण खोक्याशिवाय टॉवर दुरुस्तीला पाठवणं म्हणजे तो फोडायला पाठवणं.

वायर साधी घ्या. दीड किंवा अडीच चौरस मिलीमीटरची, शुद्ध तांब्याची, दोन पदरी. मीटरला पन्नास ते दीडशे रुपये, बाजूला पाच-पाच मीटर पुष्कळ. स्वस्त ‘स्पीकर वायर’ अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. हजारो रुपयांच्या केबलचं जे गुणगान चालतं ते ऐकून घ्यावं आणि पैसे खिशात ठेवावेत.

वीज हा आपला खास खर्च. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली जातं, बंद झाल्या की उसळतं. नुसत्या टॉवरला विजेचं भय नाही, ॲम्पला आहे. आणि ॲम्प जळताना टॉवरची कॉइल सोबत नेऊ शकतो. दोन ते चार हजारांचा स्टॅबिलायझर घ्या. लाइट गेली की ॲम्पचं बटण बंद करायची सवय घरात सगळ्यांना लावा. साध्या इन्व्हर्टरवर ॲम्प गुणगुणतो, साइन वेव्हवर नाही. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण पुरत नाही.

आता बेरीज. टॉवर चाळीस हजार, नागपूरची फेरी साडेचार, वायर एक हजार, स्टॅबिलायझर तीन, सतरंजी-पडदे दीड: पन्नास हजार. ॲम्पही नवा लागला तर साठ ते ऐंशी. हा आकडा ऐकून घरात शांतता पसरत असेल, तर बुकशेल्फ जोडी वीस-पंचवीस हजारांत बघा.

घ्यायची वेळ म्हणाल, तर सोयाबीन विकून पैसा हातात येतो तेव्हाच दिवाळीचे सेल असतात. दुकानात ऐकवण्यासाठी ठेवलेली जोडीही त्याच सुमारास स्वस्तात निघते. ओरखडे बघून, पूर्ण वॉरंटी बिलावर लिहून घेऊन ती जरूर घ्या. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लपलेला असतो. रोखीचा भाव आधी विचारा आणि मग हप्त्याचं बोला.

वापरलेले, बिल आणि तक्रार

वापरलेले टॉवर नव्याच्या निम्म्या भावात मिळतात, आणि स्पीकर ही चांगली सांभाळली तर वीस वर्षं टिकणारी वस्तू आहे. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून स्पीकर बनवते. तिच्या जुन्या जोड्या शहरांत हौशी लोकांकडे अजून वाजतात. वापरलेली जोडी घेताना वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या मालकासमोर करा, वायरींची अदलाबदल विसरू नका, दोन्हींचे सीरियल नंबर जुळतात का बघा. ट्वीटरचा घुमट पोराने बोटाने दाबलेला असेल तर तेवढे पैसे कमी करून घ्या. तुमच्याही घरी लहान मूल असेल तर जाळी कधी काढायची नाही. फोटो बघून आगाऊ पैसे पाठवणं हा प्रकारच करू नका.

नव्याचं पक्कं बिल घ्याच. त्यावर मॉडेल, दोन्ही सीरियल नंबर आणि जीएसटी क्रमांक हवा. बिल नको म्हणून दोन हजार कमी करणारा दुकानदार वॉरंटीही कमी करत असतो. वॉरंटी भारतातल्या अधिकृत आयातदाराची आहे का आणि सर्व्हिस कुठे होते, नागपूरला की थेट मुंबईला, हे घेण्याआधी विचारा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी मागणं बेकायदा आहे.

माल खराब निघाला आणि कुणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्याने भागलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे वाशीमच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकान नागपूरचं असो की कंपनी बेंगळुरूची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. बिल, उघडतानाचं चित्रण आणि कंपनीला पाठवलेले ईमेल एवढं जवळ ठेवा.

जुने टॉवर भंगारवाला मॅग्नेटच्या वजनावर नेतो, हातात शंभर-दोनशे पडतात. त्यापेक्षा ज्या मेकॅनिकने ते तपासले त्यालाच विचारा. चालू ट्वीटर आणि शाबूत मॅग्नेट असलेला वूफर त्याला हवाच असतो, आणि पुढच्या वेळी तुमचं काम तो आधी हातात घेतो.